फायटर पायलटच्या किडनीत ४ मिलिमीटरचा खडा: काढायचा का, कसा, आणि पुन्हा उडायचं कधी?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा आहे आणि हवाई दलात सिंगल-सीट फायटर उडवतो. वार्षिक मेडिकलच्या सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ४ मिलिमीटरचा खडा दिसला. आजवर कधीही दुखलेलं नाही, तरी मला ग्राउंड केलंय. बाहेरचे एक डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा खड्याला काही करायचं नसतं, भरपूर पाणी प्या. मग मला बसवून का ठेवलंय? काढायचाच असेल तर शॉकवेव्ह बरी की लेझर? परत कधी उडता येईल? आणि एक सहकारी म्हणतो की पुढच्या वेळी असं काही निघालं तर सुट्टी काढून बाहेर परस्पर लेझर करून घ्यायचं, कुणाला सांगायचं नाही. त्यात काय चुकलं?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण त्याचं उत्तर पटायला आधीचं सगळं कळायला हवं, म्हणून तो शेवटी घेतो.

मी यूरोलॉजिस्ट आहे. वीसेक वर्षं सैनिकी वैमानिकांचे खडे काढतोय आणि त्यानंतर मेडिकल बोर्डासाठी ‘हा माणूस आता विमानात बसू शकतो’ असं लिहून खाली सही करतोय. खडा काढण्याचं आता फार दडपण येत नाही. त्या सहीच्या आधी मात्र मी सीटीचा एकेक स्लाइस आजही दोनदा पाहतो.

बाहेरच्या डॉक्टरांनी तुम्हाला चुकीचं काही सांगितलेलं नाही. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाच्या किडनीत न दुखणारा ४ मिलिमीटरचा खडा सापडला, तर मीही त्याला पाणी वाढवायला सांगेन आणि वर्षाने परत बोलावेन. तो खडा सरकलाच तर एखाद्या रात्री कळ येईल, घरचे गाडीत घालून रुग्णालयात नेतील, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळेल आणि पहाटेपर्यंत माणूस झोपेल. खडा तसाच ठेवल्याची किंमत एवढीच, एक वाईट रात्र. तुमच्या बाबतीत खडा तोच आणि जागाही तीच, पण ती रात्र आकाशात, एकट्याने आणि हातात स्टिक असताना येऊ शकते. म्हणून ‘दुखतंय का?’ या प्रश्नावर बोर्ड थांबत नाही. हा खडा पुढच्या वर्षभरात काय करू शकतो, हे त्यांना ठरवावं लागतं.

मुतखड्याची कळ ज्याने पाहिलेली नाही त्याला हे अतिसावधपणाचं वाटतं. अपेंडिक्स फुटलेला रुग्ण निपचित पडून असतो, कारण हललं की दुखतं. कळेचा रुग्ण याच्या अगदी उलट. तो एका जागी राहूच शकत नाही. खाटेवरून उठतो, भिंतीला डोकं टेकवतो, जमिनीवर गुडघे आणि कोपरं टेकून ओणवा होतो, परत उठतो. घामाने शर्ट ओला झालेला असतो, दोन वाक्यांच्या मध्ये उलटी होते. नाव विचारलं तर सांगतो, पण पुढचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आता याच माणसाला खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून पट्ट्यांनी आवळून सीटला बांधा, तोंडावर ऑक्सिजन मास्क लावा आणि फॉर्मेशनमध्ये राहायला सांगा. मास्कमध्ये उलटी झाली तर गुदमरण्याचा धोका वेगळाच.

माझ्याकडे आलेल्या वाहतूक विमानाच्या एका पायलटला हवेतच कळ आली होती. सुरुवातीला त्याला वाटलं, बसून बसून पाठ अवघडली असेल. थोड्या वेळाने रेडिओवर आपल्याला काय सांगतायत हे त्याला कळेनासं झालं. शेजारी दुसरा पायलट होता, त्याने विमान उतरवलं. तुमच्या शेजारी कुणी नसतं.

खडा किडनीच्या कप्प्यात असेपर्यंत बहुधा गप्प असतो. तो मूत्रवाहिनीच्या तोंडाशी येऊन अडकला की वर लघवी तुंबते, आतला दाब चढतो, किडनीवरचं आवरण ताणलं जातं आणि कळ सुरू होते. मूत्रवाहिनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची असते आणि तिच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत: किडनीतून निघताना, मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाताना, आणि मूत्राशयात शिरताना. तिसरी सगळ्यात अरुंद. त्यामुळे ‘लहान आहे, पडून जाईल’ हे वाक्य वैमानिकाला धीर देण्यासाठी वापरता येत नाही. पडून जाणं म्हणजेच त्या तिन्ही जागांमधून जाणं. मोठा खडा कधीकधी वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. वाटेला लागतो तो तुमच्यासारखा ४ मिलिमीटरचा.

जी फोर्समुळे, म्हणजे वेगवान वळणांत शरीरावर वजनाच्या कितीतरी पट येणाऱ्या जोरामुळे, खडा हलतो का, हे प्रत्येक फायटर पायलट विचारतो. मला वाटतं, निर्णयासाठी हा प्रश्न लागतच नाही. खडा झोपेतही सरकतो. त्याला निघायला ९ जी लागत नाहीत, आणि कळ यायला एखादी साधी नेव्हिगेशन सॉर्टीही, म्हणजे एक साधं उड्डाणही, पुरतं.

शक्यता किती, हेही आकड्यांत बघू. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न दुखणारे खडे असलेल्या १०७ जणांवर सरासरी अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ लक्ष ठेवलं होतं. तेवढ्या काळात जवळपास एकतृतीयांश लोकांना त्रास सुरू झाला, आणि पाच वर्षांत त्रास होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघाली. ते सगळे साधे रुग्ण होते, लढाऊ पायलट नव्हते. पण इतकी शक्यता डोळ्यांसमोर असताना तुम्हाला एकट्याला विमान द्यायला कुठलाही बोर्ड तयार होणार नाही, आणि होऊही नये.

आता तुमच्या खड्याकडे येतो. पहिली गोष्ट: तो खडा आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. सोनोग्राफीत ३-४ मिलिमीटरचा पांढरा ठिपका अनेक कारणांनी दिसतो. कधी ती रक्तवाहिनीची भिंत असते, कधी किडनीतली चरबी, कधी जुना कॅल्शियमचा डाग. खरा खडा असला तरी सोनोग्राफी त्याचं माप बहुतेक वेळा वाढवून सांगते. सोनोग्राफीच्या एका ओळीवर महिनोन्‌महिने ग्राउंड राहिलेला आणि सीटीत किडनी स्वच्छ निघालेला पायलट मी पाहिला आहे. म्हणून सगळ्यात आधी कमी किरणांचा, साधा, म्हणजे शिरेतून रंग न देता केलेला सीटी स्कॅन. स्लाइस पातळ हवेत, एक मिलिमीटरच्या आसपास. किरणांची भीती वाटत असेल तर ‘लो-डोस’ हा शब्द मागणीपत्रावर लिहिला आहे ना, हे स्वतः बघा. एवढ्याशा गोष्टीने मात्रा बरीच खाली येते.

सीटीवर मी तीन गोष्टी शोधतो. माप, घनता आणि नेमकी जागा. घनता हाउन्सफिल्ड एककात मिळते. साधारण ५०० च्या खाली असेल तर युरिक अॅसिडचा खडा असण्याची शक्यता वाढते, आणि तो लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने विरघळूही शकतो. हजाराच्या वर गेली तर खडा टणक, शॉकवेव्हला दाद न देणारा.

पण वैमानिकासाठी खरी निर्णायक असते ती जागा. हे जरा सविस्तर सांगतो. किडनीत लघवी पॅपिला नावाच्या छोट्या उंचवट्यांच्या टोकांवरून कप्प्यांमध्ये ठिबकते. अलेक्झांडर रँडल या अमेरिकन यूरोलॉजिस्टने १९३७ साली दाखवलं की या टोकांवर, आवरणाच्या आतल्या बाजूला, कॅल्शियमचे पांढरट डाग असतात आणि त्यांच्यावर खडे धरतात. आज लवचिक दुर्बिणीतून हे आम्हाला रोज दिसतं: गुलाबी उंचवटा, त्यावर चुन्याचं बोट लागल्यासारखा डाग, आणि कधीकधी त्या डागाला चिकटून बसलेला पिवळसर तपकिरी खडा. लेझरचं टोक नुसतं लावलं तरी तो सुटतो आणि पाण्यात गिरक्या घेत खाली जातो. एवढ्याशा धक्क्याने सुटणारी ती पकड बघितली की ‘खडा चिकटलेला आहे, हलणार नाही’ असं कुणी म्हटलं तर माझा विश्वास बसत नाही.

मात्र कॅल्शियम पूर्णपणे किडनीच्या मांसल भागात असेल, लघवीच्या पोकळीत त्याचा काहीच भाग आलेला नसेल, तर गोष्ट वेगळी. ते सुटून वाहिनीत येण्याची वाटच नाही. युरोपच्या नागरी वैमानिकांसाठीच्या वैद्यकीय मार्गदर्शनात हाच भेद केला आहे: उरलेला खडा असेल तर अपात्र, पण तो हलून त्रास देण्याची शक्यता नसलेल्या जागी असेल तर अपवाद. सैनिकी बोर्डांचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बहुधा याहून कडक असतात, पण विचार हाच. त्यामुळे सीटीच्या अहवालात ‘लोअर पोल कॅल्क्युलस, ४ एमएम’ एवढंच लिहून आलं तर मी रेडिओलॉजिस्टकडे जाऊन बसतो आणि तो पोकळीत आहे की मांसल भागात, हे त्यांच्याकडून लिहून घेतो. त्या एका वाक्यावर कधीकधी सगळी केस फिरते.

समजा खडा खरा आहे आणि कप्प्यात सुटा आहे. मग मी काढायचा सल्ला देईन. आता शॉकवेव्ह की लेझर?

शॉकवेव्हचा उगमच विमानांशी जोडलेला आहे. जर्मनीतल्या डॉर्नियर या विमान कंपनीचे अभियंते आवाजाहून वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्यावर धातूला खड्डे का पडतात हे शोधत होते. त्या अभ्यासातून शॉकवेव्ह आत कशी पसरते हे कळलं, आणि १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसाच्या किडनीतला खडा चीर न देता बाहेरून फोडला गेला. लाखो लोकांची शस्त्रक्रिया या यंत्राने टाळली. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

तरीही सिंगल-सीट पायलटसाठी, खालच्या कप्प्यातल्या खड्याला, माझी पहिली निवड ती नसते. शॉकवेव्ह खडा फोडते, काढत नाही. तुकडे तुमचे तुम्हालाच लघवीतून काढावे लागतात, आणि खालच्या कप्प्यातून वर चढून बाहेर येणं त्यांना जड जातं. एका खड्याचे पाच तुकडे झाले की कळ येण्याच्या पाच संधी तयार होतात. आमच्या शाखेत ४ मिलिमीटरपर्यंतच्या उरलेल्या तुकड्यांना ‘बिनमहत्त्वाचे तुकडे’ म्हणायची पद्धत होती. वैमानिकाच्या कागदावर हा शब्दप्रयोग मी कधीही करत नाही. कॉकपिटमध्ये २ मिलिमीटरचा तुकडाही महत्त्वाचा असतो.

म्हणून तुमच्यासाठी लवचिक दुर्बीण आणि लेझर. लघवीच्या मार्गाने दुर्बीण वर नेतात, चीर नसते, खडा दिसतो आणि शक्य असेल तर अखंडच जाळीच्या चिमट्यात धरून बाहेर काढतात. ४ मिलिमीटरचा खडा बऱ्याचदा असा आख्खा निघतो. याचा मोठा फायदा म्हणजे मी आत असतानाच बाकीचे सगळे कप्पे एकेक करून पाहू शकतो आणि सीटीत न दिसलेले कणही उचलू शकतो. असे छोटे खडे मागे ठेवू नयेत याला आता चांगला आधार आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७३ रुग्ण होते. मोठा खडा काढताना ज्यांचे ६ मिलिमीटरपर्यंतचे न दुखणारे खडेही काढले, त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना पुढे त्रास झाला किंवा खडे वाढले. ज्यांचे तसेच ठेवले त्यांच्यात हे प्रमाण ६३ टक्के होतं.

खडा मोठा असता, १०-१५ मिलिमीटरच्या पुढे आणि खालच्याच कप्प्यात, तर मी पाठीतून छोट्या छिद्रावाटे काढायच्या शस्त्रक्रियेचा विचार केला असता. २००१ सालच्या एका प्रसिद्ध तुलनेत खालच्या कप्प्यातले खडे त्या मार्गाने ९५ टक्के रुग्णांत पूर्ण निघाले, शॉकवेव्हने ३७ टक्के. पण किडनीला छिद्र पडतं आणि उशिरा रक्तस्राव होण्याची शक्यता राहते, म्हणून परत उडायला वेळही जास्त लागतो. तुम्हाला ती शस्त्रक्रिया लागणार नाही.

स्टेंटबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण लोक नंतर चिडतात. दुर्बिणीनंतर मूत्रवाहिनीत काही दिवस मऊ नळी ठेवतात, सूज येऊन वाट बंद होऊ नये म्हणून. ती असेपर्यंत बहुतेकांना सारखी लघवी लागते, कमरेत कळ येते, जरा धावपळ केली की लघवी लाल होते. स्टेंट आत असताना उड्डाण नाही. यात घासाघीस नको. जी-सूटची, म्हणजे जी वाढला की पाय आणि पोट आवळणाऱ्या पोशाखाची, पोटावरची पिशवी फुगते तेव्हा मूत्राशयावर आणि किडनीवर काय दाब येतो, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. खडा अखंड निघाला आणि वाहिनीला इजा झाली नाही तर मी स्टेंट टाळतो, किंवा धागा बाहेर ठेवलेला स्टेंट पाच-सात दिवसांत ओढून काढतो.

औषधांचं थोडक्यात. टॅमसुलोसिन हे खडा खाली सरकायला मदत करणारं औषध रक्तवाहिन्या सैल करतं. हृदयापासून डोळ्यांपर्यंत रक्त चढवायला एका जी मागे साधारण २२ मिलिमीटर पारा इतका दाब खर्च होतो. ५ जी ला किती लागतो ते तुम्हीच गुणून बघा. जी सूट आणि श्वास रोखून ताणण्याच्या कसरतीवर तुम्ही तो उभा करता. त्याच वेळी पायांच्या वाहिन्या सैल करणारी गोळी पोटात असणं मला मान्य नाही. तसंही हे औषध ज्याचा खडा वाहिनीत आहे त्याला देतात, आणि तो उडत नसतोच. कळेसाठी अफूवर्गीय इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचा अंमल पूर्ण उतरेपर्यंत विमानाच्या जवळही जायचं नाही. खडे परत होऊ नयेत म्हणून देतात त्या पोटॅशियम सायट्रेट आणि अॅलोप्युरिनॉल यांचा त्रास सहसा होत नाही, पण सुरू केल्यावर काही आठवडे जमिनीवर राहून सहन होतात का ते बघावं आणि बोर्डाची परवानगी घ्यावी. थायझाइड वर्गातली पाणी काढणारी औषधं फायटर पायलटला द्यायला मी नाखूश असतो. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी होतं, आणि २०२३ साली आलेल्या मोठ्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे परत होणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. उंच तळावर तैनातीसाठी तुम्हाला कधी अॅसिटाझोलामाइड दिलं गेलं असेल तर तेही सांगा. त्याने लघवीतलं सायट्रेट घटतं आणि खडे धरतात.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ते. खडा काढणं तासाभराचं काम आहे. तो तुमच्यात का झाला हे शोधलं नाही तर तुम्ही परत याल. पहिल्या खड्यानंतर काहीच केलं नाही तर पाच-दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना दुसरा होतो. ३१ व्या वर्षी तुमच्यापुढे उडायची किती वर्षं आहेत ते मोजा.

खडा प्रयोगशाळेत जायलाच हवा. रक्तात कॅल्शियम, युरिक अॅसिड आणि क्रिएटिनिन. कॅल्शियम वर असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन. आणि चोवीस तासांची लघवी, दोनदा. इथे माझी एक सवय सांगतो. बहुतेक जण हे नमुने रविवारी घरी बसून जमा करतात, कारण ते सोयीचं असतं. मी एक सुट्टीच्या दिवसाचा आणि एक कामाच्या दिवसाचा मागतो. ग्राउंड असाल तरी हरकत नाही: त्याच वेळी उठा, ब्रीफिंगला बसा, सिम्युलेटर करा, उड्डाणाच्या दिवशी पिता तेवढंच पाणी प्या. एकदा एका तरुण पायलटच्या दोन बाटल्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. रविवारची जवळजवळ सव्वादोन लिटर, फिकट, खालून वर्तमानपत्र वाचता येईल अशी. दुसरी ८५० मिलिलिटर, गडद पिवळी, तळाशी गाळ. मी काही बोललो नाही. तो बराच वेळ त्या दोन बाटल्यांकडे बघत होता आणि मग त्याने स्वतःच सांगितलं की सॉर्टीच्या दिवशी तो सकाळपासून पाणी पीत नाही, कारण पट्टे बांधल्यावर लघवी लागली तर काय करायचं.

हे तुम्हीही करत असणार. तुमच्यातले बहुतेक करतात, आणि मी त्यासाठी रागावत नाही, कारण कॉकपिटमध्ये लघवी करणं खरोखरच अवघड आहे आणि स्त्री वैमानिकांसाठी तर फारच. पण हिशेब बघा. उन्हात उभं असलेलं विमान, फ्लाइंग सूट, जी-सूट, वर हेल्मेट, घामाने गेलेलं पाणी, आणि भरून काढायला काहीच नाही. लघवी घट्ट होते, तिच्यातले कॅल्शियम आणि ऑक्झलेट हे क्षार एकमेकांना भेटतात आणि खडा धरतो. आणि जे पाणी तुम्ही उड्डाण चांगलं व्हावं म्हणून टाळता, त्याच्या कमतरतेनेच तुमची जी सहन करायची ताकद घटते. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन-तीन टक्क्यांनी कमी झालं तरी उच्च जी वर टिकून राहायचा वेळ लक्षणीय घटतो. म्हणजे नुकसान किडनीचंही, आणि वर डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा धोकाही. लघवी जमा करायच्या पिशव्या, जोडता येणारी नळी, जे काही तुमच्या विमानाला चालतं ते मागून घ्या आणि जमिनीवर वापरून सराव करा. यात लाजण्यासारखं काही नाही. जी-ताणाचा सराव न करता कुणी सॉर्टीला जात नाही, तसंच हे.

पाण्याने किती फरक पडतो? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात पहिला खडा झालेल्या लोकांचे दोन गट केले होते. एकाला रोज दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. आज आम्ही रोज अडीच लिटर लघवीचं लक्ष्य देतो. किती पाणी प्यायचं ते सांगत नाही, कारण घाम दिवसागणिक बदलतो. लघवीचा रंग बघा आणि महिन्यातून एकदा मोजा.

दूध-दही बंद करू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम तोडायचं हा जुना गैरसमज. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं. २००२ सालच्या अभ्यासात कॅल्शियम पुरेसं पण मीठ आणि मांस कमी घेणाऱ्यांना कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा खडे जवळपास निम्म्याने कमी झाले. मीठ कमी करा. व्यायामशाळेतल्या प्रोटीन पावडरचे दोन-दोन डबे संपवत असाल तर ते थांबवा, आणि रोजची १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी ची गोळीही.

परत कधी? अंतिम शब्द तुमच्या बोर्डाचा. मी काय लिहितो ते सांगतो. दुर्बिणीने खडा निघाला, स्टेंट निघाला, लघवी स्वच्छ आहे, दुखत नाही आणि कुठलंही वेदनाशामक लागत नाही, की चार ते सहा आठवड्यांनी परत लो-डोस सीटी. एक्स-रे किंवा नुसत्या सोनोग्राफीवर मी सही करत नाही. दोन्ही किडन्या पूर्ण स्वच्छ असतील, किडनीचं काम नॉर्मल असेल आणि लघवीच्या तपासणीत काही मोठं बिघडलेलं नसेल, तर उडायला हरकत नाही असं लिहितो. त्याआधी दहा-बारा दिवस पूर्ण व्यायाम, जी-ताण कसरतीसह, आणि पहिली सॉर्टी दोन सीटच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर, हा माझा आग्रह असतो. मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासणी. एकच किडनी असेल, सिस्टीनचे (आनुवंशिक दोषामुळे वारंवार होणारे) खडे असतील किंवा वर्षात दुसरा खडा झाला, तर सिंगल-सीटला मी सहज हो म्हणत नाही. तिथे दोन वैमानिकांच्या विमानावर बदली हा प्रामाणिक मार्ग असतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

आता परस्पर लेझरचं. एक तरुण अधिकारी सुट्टीत खडा काढून आला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. आत स्टेंट होता, तो महिन्याने काढायचा होता, आणि त्याच काळात तो उडत होता. एका उच्च जी सॉर्टीनंतर शौचालयात लघवी रक्तासारखी लाल दिसली आणि तो घाबरून माझ्याकडे आला. स्टेंटच्या टोकाने मूत्राशय घासलं गेलं होतं, सुदैवाने एवढंच. सीटी केला तेव्हा किडनीत दोन तुकडे होते. त्या रुग्णालयाने काम वाईट केलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो साधा रुग्ण होता आणि साध्या रुग्णाला ते तुकडे चालले असते. आपण विमान उडवतो हेच त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. खड्याची तपासणी झाली नाही, कारण कुणी मागितली नाही. महिनाभर त्याच्याबरोबर फॉर्मेशनमध्ये उडणाऱ्यांना माहीत नव्हतं की त्यांच्या पंखाशेजारच्या माणसाच्या पोटात काय आहे. लपवण्यातली चूक ही आहे. आपला धोका आपण पत्करतो असं वाटतं, पण तो विंगमनचाही असतो आणि खाली राहणाऱ्या लोकांचाही.

लपवावंसं का वाटतं हेही मला ठाऊक आहे. ग्राउंड झालेल्या माणसाला क्रू रूममध्ये बसवत नाही, सॉर्टीचा बोर्ड वाचवत नाही. यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. ‘अनफिट’ असा शिक्का मारून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळतो आणि हे किती दिवसांचं आहे, पुढे काय होणार, हे सांगत नाही. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो: मी खडे काढलेल्या वैमानिकांपैकी बहुतेक जण पुन्हा त्याच विमानावर गेले. सगळं नीट झालं तर तुमची गोष्ट दोन-तीन महिन्यांची आहे.

या आठवड्यात करायचं ते इतकंच. स्क्वाड्रनच्या डॉक्टरांकडून लो-डोस सीटीचं पत्र घ्या. अहवालाबरोबर सीडीही मागा, कारण यूरोलॉजिस्टला चित्रं बघायची असतात. सीटीत खडा नाहीच निघाला तर तो अहवाल घेऊन लगेच बोर्डाची तारीख मागा, उगाच थांबू नका. निघाला तर दोन बाटल्या आणा, एक रविवारची आणि एक कामाच्या दिवसाची, दोन्हींवर तारीख आणि वेळ लिहून. तोवर सिम्युलेटर चालू ठेवायला काहीच हरकत नाही.